एका छपराखालच्या तीन चुली

शासकीय योजनांचे निकष लिहिणाऱ्या आणि तपासणाऱ्या सर्व अधिकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी करवीर तालुक्यातल्या, पंचगंगेच्या काठावरच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. पोरांची वजनं, पोषण आहार, गरोदर बायकांच्या नोंदी हे आमचं रोजचं काम. पण वर्षातून तीन-चारदा कुठला ना कुठला सर्व्हे येतो, कुठली ना कुठली पडताळणी येते, आणि मग मी रजिस्टर काखेत मारून घरोघरी फिरते. प्रत्येक कागदावर सुरुवातीलाच एक रकाना असतो : कुटुंबातील एकूण व्यक्ती. 22 वर्षं झाली, त्या रकान्यात काय लिहावं हे मला अजून नीट कळलेलं नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे. तो रकाना तुम्ही आखलाय.

आमच्या गल्लीतलं एक घर सांगते. जुनं कौलारू घर. बाहेरच्या सोप्यात आणि माजघरात थोरला भाऊ, त्याची बायको, दोन मुलगे आणि एक सून. मधे भिंत घालून पलीकडे धाकटा, त्याची बायको, दोन शाळकरी पोरं. म्हातारी आई थोरल्याकडे जेवते. आणि मागं परड्यात, म्हशीच्या गोठ्याला लागून, पत्र्याच्या खोलीत त्यांची बहीण. नवरा वारल्यावर ती माहेरी आली, एकुलती मुलगी लग्न होऊन गेली, आता ही एकटीच. तिच्या खोलीत विटांवर ठेवलेली एक शेगडी, पितळेचे दोन डबे, एक कळशी आणि दोरीवर लुगडं. भांगलणीला जाते तेव्हा संध्याकाळी पिठलं-भाकरी करते. काम नसेल त्या दिवशी सकाळचंच खाते.

घर एक. ग्रामपंचायतीला मिळकत एक. लाईटचा मीटर एक. रेशन कार्ड एक, त्यावर 11 नावं. चुली तीन.

मी रकान्यात काय लिहू? अकरा लिहिलं तर कार्डाशी जुळतं, पण खोटं आहे. सहा, चार आणि एक असं लिहावं तर तुमच्या कागदाला ते चालत नाही. म्हणजे आकडा 11 जातो, आणि त्या 11 जणांचं उत्पन्न एक होतं, त्यांची मोटरसायकल एक होते, थोरल्याच्या मुलाला गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत लागलेली नोकरी सगळ्यांची होते.

ह्या बहिणीला, गल्लीत सगळे तिला आक्का म्हणतात, मी स्वतः संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरून दिला. विधवा, एकटी, जमीन नाही. योजना नेमकी अशाच बाईसाठी आहे. महिन्याला 1500 रुपये. अट एकच आडवी आली, ती कुटुंबाच्या उत्पन्नाची. वर्षाला 21,000 रुपयांच्या आत उत्पन्न पाहिजे. खिडकीवरच्या माणसानं कार्ड बघितलं आणि म्हणाला, कार्डावर कमावता भाचा आहे, बसत नाही.

आक्का त्याला म्हणाली, "सायेब, भाच्याच्या पगारातली साखर बी माझ्या च्यात पडत न्हाई."

त्या माणसाचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. त्याच्या समोर जो कागद होता, त्यात चहा आणि साखर कुठं लिहायची हा रकानाच नव्हता.

आता त्या 21,000 चाच हिशेब जरा करा. 365 दिवसांनी भागा. दिवसाला 57 रुपये. भांगलणीचा बाईचा रोज अडीचशे धरला, तर वर्षात 84 दिवस कामाला गेलेली बाई ह्या मर्यादेला टेकते. 85 व्या दिवशी ती निराधार राहत नाही. आणि हे एकटीचं झालं. एका कार्डावर 11 माणसं असतील तर त्या सगळ्यांनी मिळून वर्षाला 21,000 कमवायचे, म्हणजे माणशी महिन्याला 160 रुपये. असं कुटुंब कोल्हापूर जिल्ह्यात जिवंत कसं राहील ते मला सांगा. साहजिकच ज्यांना ही पेन्शन मिळते त्यांच्या दाखल्यावर खरा आकडा नसतो. लिहून देणाऱ्यालाही माहीत, घेणाऱ्यालाही माहीत. ज्यांच्या ओळखी आहेत त्यांचा दाखला 20,000 चा निघतो. आक्कासारखी बाई सरळ सांगते की होय, भावांच्या आणि भाच्यांच्या घरात राहते, आणि तिचा अर्ज परत येतो. खरं बोललेल्या माणसाला शिक्षा करणारा नियम आपल्याला नको, एवढं तरी आपण सगळे मान्य करू.

मला लोक सांगतात, "बाई, कार्ड फोडून घ्या की. आक्काचं नाव कमी करा, वेगळं कार्ड काढा." सांगायला सोपं आहे. मी ते करायला गेले. आधी आईची संमती पाहिजे, कारण कार्डावर कुटुंबप्रमुख ती आहे. अन्न सुरक्षा कायद्यानं, 2013 च्या, घरातली 18 वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई कुटुंबप्रमुख केली आणि ते फार चांगलं केलं, त्याबद्दल मला आदर आहे. आईनं अंगठा दिला. पण मग विचारणा झाली की पत्ता तोच आहे, मग वेगळं कार्ड कशाला? 2025 मध्ये अपात्र शिधापत्रिका शोधायची मोहीम निघाली, तिच्या सूचनांत एकाच पत्त्यावर दोन कार्डं देऊ नयेत, अगदीच अपवाद करायचा तर अधिकाऱ्यानं स्वतः खात्री करावी, असं लिहिलं होतं. बोगस कार्डं होती, मी नाकारत नाही. पण खात्री करायला परड्यातल्या पत्र्याच्या खोलीपर्यंत कोण येणार? कुणी आलं नाही.

आणि समजा वेगळं कार्ड निघालंच. तरी धान्य मिळेलच असं नाही. इष्टांक हा शब्द तुम्ही रोज वापरता, आमच्या बायकांनाही आता तो पाठ झालाय. राज्याला 7 कोटींच्या आसपास लाभार्थ्यांची मर्यादा, ती 2011 च्या जनगणनेवरून ठरलेली. कार्ड फुटलं की माणसं तेवढीच असतात, तरी नव्या कार्डाला योजनेत घ्यायला जागा शिल्लक नाही म्हणून सांगतात. म्हणजे थोरल्याच्या कार्डावरून आक्काचे पाच किलो जातात आणि तिच्या नव्या कार्डावर येत नाहीत. वहिनीनंच मला विचारलं, "बाई, मग फायदा कुणाचा झाला?" मला उत्तर देता आलं नाही.

इथं जरा थांबून रेशनचा हिशेब सांगते, कारण तो फार थोड्या लोकांच्या लक्षात येतो. प्राधान्य कुटुंबाला धान्य माणशी मिळतं, महिन्याला 5 किलो. अंत्योदयला कार्डामागे मिळतं, 35 किलो. मग कार्डावर दोन माणसं असोत की दहा. आमच्याच गावात एक अंत्योदयचं पिवळं कार्ड आहे, त्यावर 10 नावं. माणशी साडेतीन किलो. शेजारी प्राधान्याचं कार्ड, त्यावरही 10 नावं, तिथं 50 किलो. गरिबातला गरीब म्हणून ज्याला अंत्योदय दिलं, त्याला शेजाऱ्यापेक्षा 15 किलो कमी, कारण तो भावांना सोडून वेगळा निघाला नाही. तेच त्या 10 जणांनी पाच-पाचाची दोन अंत्योदय कार्डं करून घेतली असती तर घरात 70 किलो आलं असतं. एकत्र राहणं हा गुन्हा आहे असं तुमच्यापैकी कुणालाच वाटत नसणार. पण हिशेब तसा बसलाय.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचंही तेच. वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण, ते कुटुंबाला. चार माणसांच्या कार्डालाही 5 लाख आणि 11 माणसांच्या कार्डालाही 5 लाख. उज्ज्वला गॅसचा नियम घरात आधी कनेक्शन नसावं असा. आक्काच्या शेगडीला सिलिंडर नाही, पण "घरात" आहे, सोप्यात.

आता गंमत बघा म्हणणार नाही, कारण ही गंमत नाही. पण तुमच्याच दुसऱ्या योजनांत कुटुंब वेगळं आहे. पीएम-किसानमध्ये कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. बस्स. म्हणून सात-बारावर तिघा भावांची नावं लागलेली असतील तर तिघांना वर्षाला सहा-सहा हजार येतात, राहायला एकाच घरात असले तरी. लाडक्या बहिणीत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुलं. 2005 च्या रोजगार हमी कायद्यानं म्हटलं की नात्याची माणसं, एकत्र राहणारी आणि एकत्र जेवणारी किंवा एका रेशन कार्डावरची. त्या "किंवा" मध्ये आमचं अख्खं गाव अडकलं, कारण एकत्र जेवत नाहीत पण कार्ड एक आहे अशीच घरं जास्त. आणि जनगणनेत आम्हाला शिकवतात की एका स्वयंपाकघरातून जेवणारे ते एक कुटुंब. एकच बाई, एकाच दिवशी, एका कागदावर स्वतंत्र कुटुंब आहे, दुसऱ्यावर भावाच्या कुटुंबात आहे आणि तिसऱ्यावर कुठंच नाही.

मी स्वतःही ह्यात चुकले आहे. तेही सांगते. लाडक्या बहिणीच्या चारचाकीच्या पडताळणीला 2025 च्या सुरुवातीला आम्हाला पाठवलं. यादी हातात, घरी जाऊन बघायचं, गाडी आहे की नाही ते कळवायचं. एका घरी अंगणात जुनी व्हॅन उभी होती. दिराची. त्यावर तो भाजी घेऊन मार्केट यार्डात जातो. यादीतली बाई वेगळ्या खोलीत, वेगळी चूल, नवरा सेंट्रिंगच्या कामावर. नियमात दिराची गाडी मोजायची नाही, हे मला नंतर समजलं. त्या दिवशी उन्हात पंधरावं घर होतं, मी "आहे" लिहिलं. तिचा हप्ता थांबला. मी तिच्याकडे गेले, तिची माफी मागितली, पुन्हा अर्ज करून दिला. पण ती आता मला बघून दार लोटून घेते. 22 वर्षांत त्या घरातली दोन्ही बाळं मी मोजली, वजनं केली. ते दार लोटणं मला फार लागलं. नियम लिहिणाऱ्यानं "कुटुंब" हा शब्द धूसर ठेवला की त्याचा भार शेवटी माझ्यासारख्या बाईच्या पेनावर येतो आणि गावातलं वैर तिच्या पदरात पडतं.

2019 चा महापूर कोल्हापूर विसरणार नाही. ऑगस्टमध्ये आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. आम्ही म्हणजे सासू, मोठे दीर-जाऊ, आम्ही दोघं आणि धाकटे दीर-जाऊ. तिघांच्या चुली 2011 पासून वेगळ्या. पूर ओसरला तेव्हा तीन घरांचं धान्य कुजलं होतं, तीन पिंपं, तीन ठिकाणची अंथरुणं. माझ्या पिंपातली ज्वारी फुगून झाकण उचललं गेलं होतं, आणि तिचा आंबूस वास भिंतीत महिनाभर राहिला. सरकारनं ग्रामीण भागात कुटुंबामागे 10,000 रुपये जाहीर केले, त्यातले 5,000 रोख. पंचनामा करायला आलेल्यांनी दार मोजलं. दार एक. पंचनामा एक. मी मागं उभी राहून म्हणत होते की आत तीन संसार आहेत, आत येऊन बघा, तर चिखलात पाय घालायला त्यांनाही जड जात होतं, आणि पुढं गल्ली पडलेली होती.

पैसे मोठ्या दिरांच्या खात्यावर आले. त्यांनी तिघांत वाटले, प्रामाणिकपणे वाटले, ह्याबद्दल मी त्यांचे उपकार मानते. पण धाकट्या जावेनं तेव्हापासून एक गोष्ट मनात धरली. ती म्हणते, पलीकडच्या आळीत ज्यांनी पुराच्या आधीच मिळकत फोडून घेतली होती त्यांना तीन-तीन मिळाले, आपण एकत्र राहून काय मिळवलं? पुढच्या वर्षी तिनं नवऱ्याच्या मागं लागून मधे भिंत घातली. 2021 ला पुन्हा पाणी आलं तेव्हा ती भिंत ओली होऊन फुगली, पण पाडली नाही.

अशा भिंती गावात किती उठल्या ते तुम्ही एकदा येऊन बघा. काही भिंती भांडणाच्या आहेत, त्या आधीही होत्या. पण काही भिंती फक्त कागदासाठी आहेत. म्हातारीला एका खोलीत एकटी ठेवायची, नळ वेगळा दाखवायचा, वेगळा मीटर घ्यायचा, म्हणजे श्रावणबाळ मिळेल. 65 पुढच्या म्हाताऱ्या माणसाला श्रावणबाळची पेन्शन पाहिजे असेल तर तिथंही तीच 21,000 ची कुटुंबाची मर्यादा. मुलगा सांभाळतो म्हटलं की पेन्शन गेली. मुलगा सांभाळत नाही म्हटलं की मिळते. म्हणून मुलगा आईला घेऊन कचेरीत येतो, आणि तिला तिथं सांगायला लावतो की माझा पोरगा मला बघत नाही. शेजारी उभा राहून सांगायला लावतो. एका म्हातारीला मी स्वतः ते बोलताना ऐकलं. ती मधेच थांबली आणि पोराच्या तोंडाकडं बघत म्हणाली, "असं कसं म्हणू रं, सकाळी तूच अंघुळीला पाणी दिलंस की."

तुमची अडचण मला कळते. सगळ्यांना माणशी वेगळं धरलं तर बंगल्यात राहणारी, दोन मुलं नोकरीला असलेली म्हातारीही निराधार म्हणून येईल. एका घरातल्या सहा बायका सहा हप्ते घेतील. एकत्र राहिल्यानं खर्च वाचतो हेही खरं, एका चुलीवर दहा भाकऱ्या भाजल्या तर सरपण दोन चुलींपेक्षा कमीच लागतं. जे खरोखर एका ताटात जेवतात त्यांना एक धरा, त्यात अन्याय नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. धान्य चुलीनं मोजा आणि पेन्शन माणसानं.

धान्य शिजतं चुलीवर. म्हणून धान्याला, गॅसला, पुराच्या मदतीला मोजमाप चुलीचं असावं. छप्पर, मिळकत नंबर, मीटर ही मोजमापं नकोत. नवरा, बायको आणि त्यांची लहान मुलं ही नेहमी एकत्रच धरा, नाहीतर नवरा-बायको कागदावर वेगळे होतील, ते मला मान्य नाही. बाकीचे, म्हणजे विधवा बहीण, परित्यक्ता लेक, लग्न झालेला भाऊ, हे वेगळं शिजवत असतील तर वेगळं कुटुंब. माझी मुलगी समाजकार्याचं शिकते. तिनं मला सांगितलं की अमेरिकेत धान्याच्या मदतीची जी योजना आहे तिथंही असंच आहे. एका घरात राहूनही शिधा वेगळा घेतला आणि वेगळा शिजवला तर वेगळं कुटुंब, फक्त नवरा-बायको आणि 22 वर्षांखालची मुलं आईबापाबरोबर राहत असतील तर ती एकत्रच. परक्या मुलखातलं सगळं चांगलं असतं असं नाही. पण तिकडं ज्या मोजमापाला कायद्यात जागा आहे, त्याला आमच्याकडं शब्दच तयार आहे. वेगळी चूल मांडली म्हटलं की आमच्या गावात कुणाला अर्थ विचारावा लागत नाही.

आणि अंत्योदयचे 35 किलो हे लहान कुटुंबाला राहू द्या, पण कार्डावर सातच्या वर माणसं असतील तिथं माणशी पाच किलो धरा. सात पाचे पस्तीस. आकडा तुमचाच आहे, मी फक्त पुढं मोजला.

पेन्शनचं वेगळं. पेन्शन ही त्या माणसाच्या हातातल्या पैशासाठी असते. आक्काला उद्या वहिनीनं दोन वेळचं जेवण दिलं, अगदी प्रेमानं दिलं, तरी तिला डोळ्यांच्या थेंबांना पैसे लागतील, सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, जायला एसटीचं तिकीट लागेल, लेकीच्या घरी जाताना हातात काहीतरी न्यावं लागेल. जेवण मिळतं म्हणजे पैसा मिळतो असं कुठल्या घरात असतं? तुमच्या आईला तुम्ही जेवायला घालता, तिच्या बटव्यात काय आहे ते माहीत आहे का? म्हणून निराधार, विधवा, म्हातारी माणसं आणि अपंग ह्यांचं उत्पन्न त्यांचं स्वतःचं बघा. नवरा जिवंत असेल तर त्याचं धरा. भाऊ, पुतण्या, दीर, जावई ह्यांचं धरू नका. मुलाचं धरायचं की नाही ह्यावर मी खूप विचार केला. मुलावर आईबापाची जबाबदारी कायद्यानंही आहे. तरीही माझं मत न धरावं असंच आहे, कारण मुलाचा पगार धरला की आईला कचेरीत ते वाक्य म्हणावं लागतं, जे मी वर लिहिलं.

कार्ड फोडायला घरातल्या इतरांची सही लागू नये. जिचं नाव आहे तिचा अर्ज पुरेसा व्हावा. लोकसेवा हक्काचा कायदा राज्यात 2015 पासून आहे, ठरलेल्या दिवसांत सेवा द्यायची असं तो सांगतो, तर ती मुदत ह्या कामालाही खरोखर लागू दे. आणि कार्ड फुटलं की त्या माणसाचे पाच किलो त्याच्याबरोबर जावेत. नवीन इष्टांक मागायची गरजच नाही, माणूस तोच आहे, फक्त एका कार्डावरून दुसऱ्यावर गेला.

चूल वेगळी आहे हे कसं ओळखायचं, असं तुम्ही विचाराल. खोटी चूल मांडतीलच की लोक. मांडतील. पण खोटी चूल लपत नाही. जिथं रोज शिजतं तिथं भिंतीला काजळी असते, फोडणीचा वास असतो, मिठाच्या बरणीला ओल असते, तेलाच्या बाटलीखाली चिकट गोल असतो. पडताळणीसाठी मांडलेली शेगडी लख्ख असते. आम्हा सेविकांना आणि आशा ताईंना गावातली प्रत्येक चूल माहीत आहे, कोण कुणाकडं जेवतं, कोण उपाशी निजतं हेही माहीत आहे. फक्त आम्हाला एकटीला सही करायला लावू नका. ग्रामसभेत यादी वाचून दाखवा, हरकत घ्यायला दिवस द्या, आणि खाली दोन-तीन माणसांच्या सह्या असू देत, म्हणजे कुणाचं दार लोटायचं झालं तर ते एकाच बाईसमोर लोटलं जाणार नाही. आणि ह्या कामाचं मानधन द्या, तेही इथंच सांगते.

2027 ची जनगणना तोंडावर आहे. त्यात आम्हीच फिरू, निदान आमच्यातले बरेच जण फिरतील. त्यानंतर इष्टांकही बदलेल, मर्यादाही बदलतील, 2011 चे आकडे एकदाचे जातील. आत्ताच जर सगळ्या खात्यांनी बसून कुटुंब ह्या शब्दाचा एक अर्थ ठरवला तर पुढची दहा वर्षं सुखाची जातील. नाही ठरवला तर जनगणनेत आक्का वेगळं कुटुंब म्हणून मोजली जाईल आणि रेशनला भावाच्या कार्डावर अकरावी राहील.

परवा मी तिच्या खोलीवर गेले होते. पाऊस होता, पत्र्यावर आवाज इतका की बोललेलं ऐकू येईना. तिनं चहा केला. गूळ घातला होता. वहिनीनं मधल्या दारातून हात लांब करून वाटीभर भात दिला, आणि तिनं त्याच वाटीत भिजवलेली मटकी घालून परत पाठवली. दोघींचं काही वाकडं नाही. वहिनी मला म्हणाली, आक्काची पेन्शन झाली तर बरं होईल बाई, आमच्याकडनं तिला हवं तेवढं होत नाही, आणि ती मागत पण नाही.

तुमच्यापैकी कुणी खात्री करायला येणार असेल तर सकाळी सातला या, तेव्हा तिन्ही चुली पेटलेल्या असतात. परड्याची वाट घसरडी आहे, मी सोबत येईन. विभक्त कार्डाच्या अर्जाची पोच माझ्या पर्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली आहे, त्यावरची तारीख तेव्हा दाखवते.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर